चार्जिंगच्या ब्रशनं दात घासणं: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

शाहूपुरी, सातारा (धागा उघडताना)

मागच्या वर्षी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या, "डावीकडं बघा." डावा सुळा आणि त्यामागचे दोन दात. त्यांच्या मुळाशी, हिरडीला लागून, कुणी नखानं कोरावं तशा आडव्या खाचा पडल्या होत्या. थंड पाण्याची सणक यायची ती तिथूनच. "उजव्या हातानं घासता ना? मग जोर डावीकडं पडतो." मी रोज दोन वेळा, न चुकता, कडक ब्रशनं पाच-पाच मिनिटं घासणारा माणूस. किडू नयेत म्हणून घासले आणि घासून घासूनच झिजवले, याचं फार वाईट वाटलं.

त्यांनी दाबाचा दिवा असलेला चार्जिंगचा ब्रश घ्यायला सांगितलं. जास्त रेटलं की लाल दिवा लागतो आणि ब्रशचा वेग मंदावतो. पहिल्या दिवशी तो दिवा विझायलाच तयार नव्हता. मी एवढा जोर लावतो हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. हा ब्रश घासायचा नसतो, नुसता धरायचा असतो. हिरडीच्या कडेला जरा तिरका टेकवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढच्या दातावर सरकवायचा. सांगायला सोपं आहे, पण चाळीस वर्षांची मनगटाची सवय मोडायला मला दीड महिना लागला. खाचा काही भरून येत नाहीत. दोन ठिकाणी डॉक्टरांनी सिमेंट भरलं. पण सणक थांबली आणि घासताना थुंकीत दिसायचं ते रक्तही थांबलं.

आपल्याकडं हा ब्रश अजून चैनीचा मानतात. म्हणून तुम्ही लिहा. कसा वापरता, काय चुकलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जमतो का. मोडीत काढला असेल तर तेही लिहा.

मिरज

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे करण्यात गेल्या. मी गोल डोक्याचा नाही, सोनिक प्रकारचा, म्हणजे झपाट्यानं थरथरणारा ब्रश घेतला. पहिल्या दिवशी तो सुरू केला तसे वडील आतून म्हणाले, "हे पांढरी एकच्या जरासं खाली लागतंय." खोक्यावर मिनिटाला ३१,००० हालचाली असं छापलेलं होतं. जाणारी एक आणि येणारी एक मिळून एक कंपन धरलं तर सेकंदाला साधारण २५८ कंपनं होतात. पांढरी एक म्हणजे पेटीवरची ‘सा’ची पांढरी पट्टी, ती २६१ च्या पुढं. म्हणजे वडिलांचा कान बरोबर होता!

मुद्दा वेगळाच आहे. हलक्या हातानं धरायचा हे मला आठवडाभर जमेना, वडिलांना एका दिवसात जमलं. त्यांनी मला सांगितलं, "जवारी काढताना कानस दाबतोस का? टेकवतोस. पुढचं काम कानस करते. तसंच धर." (जवारी काढणं म्हणजे तंबोऱ्याच्या तारा टेकतात ती घोडी घासून सूर मोकळा करणं.) त्या दिवसापासून माझ्या हिरड्या दुखायच्या थांबल्या. धागा उघडणाऱ्या काकांना जे दीड महिन्यात जमलं, ते आमच्याकडं कारखान्यातली कानस दाखवल्यावर जमलं.

तासगाव

द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड हाय आमचं. दिवसभर येता-जाता दोन बेदाणं तोंडात टाकायची सवय. बेदाणा दाढंच्या खाचंत जाऊन बसतो, चिकट असतोय, चूळ भरून निघत नाही. दोन दाढा भरल्या, एक काढली. तवा पोरानं हा ब्रश आणून दिला.

लाईटचं काय, हा माझा पहिला प्रश्न. आमच्याकडं लाईट कधी येईल, कधी जाईल सांगता येत नाही. पण हा ब्रश एकदा पुरा चार्ज झाला की मला आठवडा जातो. माझा साधा हाय, पुरा भरायला चौदा-पंधरा तास घेतो, म्हणून रविवारी सकाळी लावायचा आणि रात्री काढायचा, असं ठरवून टाकलंय. त्यात निकेलची बॅटरी असती म्हणं. लिथियमचा महाग पडतो, पण लवकर भरतो आणि जास्त दिवस टिकतो. बोअरचं पाणी जड असल्यानं दांड्यावर पांढरं क्षाराचं पुट धरतंय, ते ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. बाकी तक्रार नाही.

वाई

माझे वडील ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याआधी ते रोज पहाटे घाटावर जायचे, येताना कडुलिंबाची काडी चावत यायचे. एकही दात किडलेला नव्हता.

झटक्यानंतर महिनाभरात तोंडाला वास येऊ लागला. मला कारण कळेना. एकदा टॉर्च लावून पाहिलं तर उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढांशेजारी, भाताची शितं आणि पोळीचा लगदा साठलेला. त्या बाजूला संवेदनाच नव्हती, त्यामुळं घास तिथं अडकलाय हे त्यांना समजत नव्हतं. साध्या ब्रशनं माझा हात आत नीट पोचेना, आणि जोर दिला की ते मान फिरवत.

चार्जिंगचा ब्रश आणला तेव्हा पहिले दोन दिवस तो बंदच ठेवून नुसता दातांवर फिरवला. आधी तोंडाला सवय केली. तिसऱ्या दिवशी बटण दाबण्याआधी त्यांच्या डाव्या हाताच्या पंज्याला लावून दाखवला, म्हणजे आवाजानं दचकू नयेत. आता आमचा क्रम ठरलेला आहे. खुर्चीत सरळ बसवायचं, हनुवटीखाली पंचा. मी मागं उभी राहते आणि त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकवून धरते. पेस्ट वाटाण्याहून कमी, कारण फेस जास्त झाला की ठसका लागतो. आधी बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालातला साठा काढायचा. मग ब्रश दातावर टेकवूनच चालू करायचा. तोंडाबाहेर चालू केला तर पेस्ट भिंतीवर उडते. मध्ये दोनदा थांबून पुढं वाकवायचं, थुंकू द्यायचं.

दांडा जाड असल्यानं डाव्या हातात त्यांना तो धरता येतो. साधा ब्रश त्या हातातून निसटायचा. चार महिन्यांनी समोरचे दात ते स्वतः करायला लागले, आतली बाजू मी करते. तोंडाचा वास गेला, जेवण वाढलं. ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांनी खर्चाचा विचार न करता घ्यावा, असं मी अगदी मनापासून सांगते. आणि गालात टॉर्च मारून बघा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सदर बझार, सातारा

भाचीनं अमेरिकेहून आणलेला ब्रश. पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून चार्जर सुरू केला. अर्ध्या तासात जळका वास, चार्जर हात लावता येणार नाही इतका तापलेला. उलटा करून भिंगानं वाचलं तर बारीक अक्षरांत ११० ते १३० व्होल्ट. आपल्याकडं २३०. अॅडॉप्टर नुसती पिन बदलतो, व्होल्ट नाही. बाहेरून कुणी आणणार असेल तर चार्जरवर १०० ते २४० लिहिलंय का, हे तिथंच बघायला सांगा.

चार्जर उघडून बघितला. आत तारेचं वेटोळं, तसंच दुसरं वेटोळं ब्रशच्या बुडात. ट्रान्सफॉर्मरसारखं काम, दोघांमध्ये धातूचा सांधाच नाही. म्हणून ब्रश सगळीकडून सीलबंद राहतो आणि ओला असला तरी शॉक बसत नाही. तरी प्लग मात्र बेसिनपासून लांबच हवा.

गावभाग, सांगली

२०१९ च्या महापुरात घर सोडून विश्रामबागला बहिणीकडं गेलो. पिशवीत कागदपत्रं, औषधं आणि हा ब्रश. चार्जर घरी पाण्यात. दहा दिवस एका चार्जवर चालला.

कराड

मी तीन वर्षं वापरून सोडला. कारणं लिहितो. माझ्या सव्वादोन हजारांच्या ब्रशचं चार्जिंग अडीच वर्षांनी एका दिवसावर आलं. संध्याकाळी धरला की मध्येच बंद. कंपनीचं म्हणणं असं की बॅटरी बदलता येत नाही, नवा घ्या. आतली साधी बॅटरी संपली म्हणून आख्खं यंत्र टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. दर तीन महिन्यांनी हेड, म्हणजे पुढचं केसांचं टोक, बदलायचं, ते इथं दुकानात मिळत नव्हतं, ऑनलाइन मागवावं लागे. चौघांच्या घरात तो खर्च जाणवतो.

पण एक गोष्ट त्यानं मला दिली. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला तीस सेकंद, भाग संपला की हातात छोटा झटका. ती मोजणी अंगात भिनली. आता साधा मऊ ब्रश हिरडीला तिरका लावून, हलक्या हातानं, मनात तीस मोजत चारही भाग करतो. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, असंच चालू ठेवा.

फलटण

मुलगा नऊ वर्षांचा. आधी पंधरा सेकंदांत बाहेर यायचा. आता दोन मिनिटं झाल्याचा इशारा मिळाल्याशिवाय ब्रश काढत नाही. तरी रात्री दाढांवरून एकदा मीच फिरवते.

कोरेगाव

सासूबाईंची मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, डबीत भरायची, दिवसातून चार-पाच वेळा बोटानं लावायची. वयाच्या पंधराव्या वर्षापासून. खालचे पुढचे दात लांब दिसतात, कारण हिरडी खाली गेली आहे. त्यांचं म्हणणं असं की मिश्रीशिवाय तोंड मोकळं वाटत नाही.

मी भांडले नाही. चार्जिंगचा ब्रश आणला, त्यांच्या शेजारी बसून मीही घासला. पहिल्यांदा त्यांच्या अंगावर काटा आला, मग म्हणाल्या, "गुदगुल्या होतात गं." सकाळची मिश्री त्यांनी ब्रशवर सोडली, नंतर दुपारची. रात्रीची अजून आहे. ब्रशनं मिश्रीचं नुकसान भरून निघत नाही हे मला माहीत आहे. घासून घेताना ओठ खाली ओढून रोज बघते मात्र. त्यातच खालच्या ओठाच्या आत पांढरट चट्टा दिसला. लगेच साताऱ्याला नेऊन दाखवला. तंबाखूनंच झालेला आहे, आता दर तीन महिन्यांनी तपासायला नेते. ब्रश आणला नसता तर त्यांच्या ओठाच्या आत मी कधी पाहिलंच नसतं.

सांगली, दंतवैद्य

वाईच्या आणि कोरेगावच्या ताईंचं लिहिणं माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. कोरेगावच्या ताई, चट्टा लाल झाला, कडक लागला किंवा तिथं न भरणारी जखम झाली तर तीन महिने थांबू नका.

२०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ५६ चाचण्यांचा, पाच हजारांवर लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. तीन महिन्यांहून जास्त वापरात यंत्राच्या ब्रशनं दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. फरक खरा आहे, पण कराडच्या दादांसारखं नीट घासणाऱ्याला साधा ब्रशही पुरतो. दोन दातांच्या मधल्या फटीत मात्र दोन्ही ब्रश पोचत नाहीत, तिथं दातांचा दोरा (फ्लॉस) हवा. तासगावकरांनी हे लक्षात ठेवावं.

पेसमेकर असेल तर चार्जर छातीजवळ नेऊ नका आणि आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. घासून झाल्यावर थुंका, पण भरपूर पाण्यानं चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

आणखी एक. हेड उपसून आत बघितलंय का कुणी?

शाहूपुरी, सातारा

आत्ता बघितलं. लोखंडी दांडीच्या बुडाशी काळा, बुळबुळीत थर. आठ महिन्यांत एकदाही काढला नव्हता. गरम पाण्यानं धुतला. डॉक्टर, हे किती दिवसांनी करायचं?

सांगली, दंतवैद्य

रोज. हेड काढून दोन्ही नळाखाली धरा आणि वेगवेगळी उभी वाळवा. ओलं असताना परत बसवू नका.

विटा

आजीच्या कवळीला हाच ब्रश चालेल का?

सांगली, दंतवैद्य

गरज नाही. पेस्टनं कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण धरते. मऊ साधा ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण घ्या. खाली बादलीत पाणी ठेवून धुवा, हातातून सुटली तर फुटणार नाही. रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवा.