अनुभव धागा: डिझेल इंजिनचं तेच ते दुखणं आणि कंपनीकडून भरपाई

मुलुंडवासी
एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल एसयूव्ही आहे. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतो, वर्कशॉपवाले लॅपटॉप जोडून फोर्स्ड रिजनरेशन (अडकलेली काजळी जाळणं) करून देतात, काही दिवसांत पुन्हा तेच. परवा घाटकोपरजवळ ईस्टर्न एक्स्प्रेसवर लिंप मोडमध्ये गेली (इंजिन स्वतःच ताकद कमी करतं) आणि गाडीची बैलगाडी झाली. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, "सर, सिटीत चालवता ना, हायवेला एक लाँग ड्राइव्ह मारा." म्हणजे शोरूममध्ये मुंबईकराला गाडी विकताना हे आठवत नाही! कंपनीशी भांडून कुणाच्या पदरात काही पडलंय का? काय केलंत, काय मिळालं, सविस्तर लिहा.

दादरची मीनल
अॅडव्हायझरचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, म्हणूनच ते सारखं तोंडावर फेकतात. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते. दादर ते लोअर परळ जाऊन तुम्ही मध्येच इंजिन बंद केलंत की त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

आमच्या गाडीची डिपस्टिक मी स्वतः काढून पुसली होती. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, आणि फडक्याला चक्क डिझेलचा वास. पुढे टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) गेला. कंपनी म्हणाली, "वापराची चूक."

मी जुनी जॉब कार्डं (वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवतात ते कागद) काढून बसले. गाडी टो करून नेली होती त्या दिवशीच्या कार्डावरसुद्धा 'जनरल चेकअप' लिहिलेलं! पुढच्या वेळी काउंटरवर उभी राहून माझ्या शब्दांत लिहून घेतलं: पिकअप नाही, दिवा लागला, टो करून आणली, ऑइलची पातळी वाढली. एरर कोडची प्रिंट मागितली. आधी नाही म्हणाले, मग ईमेल केला तेव्हा दिली. ही कागदं जोडून नोटीस गेल्यावर टर्बो आणि लेबर दोन्ही 'गुडविल' म्हणून फुकट झाले. गुडविल कसलं डोंबलाचं, पण घेतलं.

तात्या बोरिवलीकर
विकून टाकली. पेट्रोल घेतली. झोप लागते.

अॅड. शेजारी
थोडं कायद्याचं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो नाहीतर गुरुग्रामला. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. मुदत मात्र २ वर्षांची. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' करत लोक तीच घालवतात. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा, काही वेळा तेवढ्यानेही कंपनीचा फोन येतो.

डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. नाहीतर डीलर म्हणतो दोष उत्पादनातला, आणि कंपनी म्हणते डीलर स्वतंत्र व्यापारी.

चेंबूरचा सतीश
माझं प्रकरण इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचं. थंड इंजिन खडखडायचं, पांढरा धूर, बदलून दिले तरी पुन्हा. आयोगासमोर कंपनीचं पहिलं वाक्य: डिझेल भेसळीचं असणार. नशिबाने मी कायम एकाच पंपावर भरतो आणि कार्डाने पैसे देतो, त्यामुळे स्टेटमेंटच ठेवलं पुढे. शिवाय त्याच पंपावरच्या इतर गाड्यांना का त्रास नाही, हा प्रश्न माझ्या वकिलांनी फार गोड आवाजात विचारला.

मी मागितली होती नवी गाडी. इथे जपून. एखादा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून देणं योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलंय, आणि समोरचे वकील तो निकाल खिशात घेऊनच फिरतात. दोष मुळातलाच आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तपासणीचा खर्च मी भरला. ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकांनी अहवालात इंजिनाचा डिझेल पंप आणि इंजेक्टर दोन्हींत दोष लिहिला, तेव्हा कुठे केस उभी राहिली. निकालात गाडी नाही. दुरुस्तीचे पैसे व्याजासकट, वाढीव वॉरंटी आणि मनस्तापाची भरपाई. कंपनी अपिलात गेली नाही, हेच खूप. वेळ? मुलीची दहावी सुरू होताना दाखल केली, ती कॉलेजात गेल्यावर चेक आला.

मुलुंडवासी
एका गॅरेजवाल्याने 'डीपीएफच काढून टाकतो, कटकट जाईल' असं सुचवलंय. कुणी केलंय?

दादरची मीनल
अजिबात नको! बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि तुमची तक्रार त्याच दिवशी संपते. कंपनीला आयतंच कोलीत.

अॅड. शेजारी
+१. आणि मुलुंडवासी, तुमचा जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळ. वकील न करताही स्वतः उभं राहता येतं. आधी मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहक संघटनेच्या विलेपार्ल्याच्या कार्यालयात फाइल घेऊन जा. जॉब कार्डं तारखेनुसार लावून न्या, आणि टोइंगच्या पावत्या विसरू नका.