कामाच्या जागी श्रद्धा : तुमचे अनुभव लिहा

1 मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आठवतो, पण कॅथलिक लोकांसाठी तो कामकरी संत योसेफचा सणही आहे, पोप पायस बारावे यांनी 1955 साली सुरू केलेला. येशू याच योसेफ सुताराच्या घरात वाढला हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, पण माप घेणं, लाकूड तासणं, गिऱ्हाईकाला कबूल केलेल्या दिवशी माल देणं हे सगळं त्यानेही केलं असणार हे फारसं मनात येत नाही. आणि बायबलमध्ये पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात लिहिलेलं ते जिवेभावे काम करायचं वचन, ते तर दासांना उद्देशून आहे, ज्यांना ना पगार ना प्रमोशन. म्हणून विचारतोय. टेबलावर वचनाचं कॅलेंडर ठेवलंय वगैरे नको, प्रत्यक्ष काम करताना तुमच्या हातात काय बदलतं ते सांगा. कुठल्याही पंथाचे असा.

वसईची
आमची सोनचाफ्याची वाडी आहे. पहाटे फुलं खुडायची, पुड्या बांधायच्या आणि लोकल पकडून दादरला न्यायच्या. पुडी बांधताना बरेच जण चांगली फुलं बाहेरच्या बाजूला लावतात आणि डागाळलेली, जास्त उमललेली मध्ये दडपतात, गिऱ्हाईक काही तिथे उभं राहून पुडी सोडून बघत नाही. आई मात्र आतलं फूलही बाहेरच्यासारखंच घ्यायची, डागाळलेलं बाजूला काढायची. मी लहानपणी म्हणायचे अगं कोण बघतंय, तर ती म्हणायची ही फुलं कुणाच्या तरी देव्हाऱ्यात जाणारेत, त्या घरच्या बाईने सकाळी अंघोळ करून पुडी सोडल्यावर तिला काय वाटेल. आई रोज माळेवर रोझरीची प्रार्थना म्हणणारी, पण दुसऱ्याच्या पूजेची एवढी काळजी. माझी श्रद्धा मी तिथे शिकले, कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात नंतर.

नाईट ड्युटी
डॉ. वॉन्लेसनी 1894 ला जिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं त्या मिरजेत मी नर्सिंग शिकले, आता दुसरीकडे आयसीयूला आहे. लकव्याचा बेशुद्ध पेशंट असला की दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेला टाचेला बेडसोर होतात. पहाटे तीन-चारला आपलंही अंग मोडून आलेलं असतं, आणि न वळवता चार्टवर टिक मारून टाकली तर कुणाला कळणार, पेशंट बोलत नाही, नातेवाईक बाहेर झोपलेले. तेव्हा बायबलमधला मत्तय 25 आठवतो, लहानातल्या लहानासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. मग वॉर्डातल्या मावशींना हाक मारते, दोघी मिळून ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरून वळवतो, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाच गादीला टेकणार नाही असं बघायचं, खालच्या चादरीची चुणी ताणून काढायची कारण तीच रात्रभर रुतते. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून बघायचं, पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर लगेच सिस्टरना सांगायचं. मग टिक. वेगळी प्रार्थना करायला तेव्हा सुचत नाही, पेशंटचं नाव तेवढं मनात घेते.

नगरची शिक्षिका
सगळं वाचून छान वाटलं, पण दुसरी बाजूही लिहिते. मी ज्या शाळेत होते तिथे पगार महिनोन्महिने रखडायचा आणि विचारायला गेलं की म्हणायचे, मॅडम, तुम्ही प्रभूची सेवा करताय ना, पैशाचं काय एवढं. मी मुलांना मन लावूनच शिकवलं, फळ्यावरचं गणित सुटलं नाही तर मधल्या सुट्टीत परत घ्यायचे, पण त्या वाक्याने माझ्या विश्वासालाच धक्का बसला होता.

(धागाकर्ता : ताई, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. याकोबाचं पत्र 5:4 बघा, मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ते परमेश्वराच्या कानी जातं. जिवेभावे काम करा हे वचन राबणाऱ्यासाठी आहे, पगार अडवणाऱ्याने ते वापरणं हे मला पापच वाटतं. आणि ते वचन ज्या पत्रात आहे त्याच पत्रात, कलस्सै 4:1 मध्ये, धन्यांनाही सांगितलंय की दासांशी न्यायाने वागा. तेही चर्चमध्ये तेवढ्याच जोरात वाचलं गेलं पाहिजे.)

प्रूफवाली
मी डीटीपी करते, जास्त करून लग्नपत्रिका आणि हँडबिलं. पंडिता रमाबाई बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकामुलींनी ते छापलं, 1922 ला त्या गेल्या तोपर्यंत त्यांचं ते काम चालू होतं. छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवणाऱ्या त्या मुली माझ्या डोळ्यासमोर असतात. पत्रिकेतलं कै. आजोबांचं नाव ऱ्हस्वदीर्घासकट परत वाचते, घाई असली तरी.

एसटीवाला
कंडक्टर आहे. सुट्टे पैसे मोजून परत देतो, म्हाताऱ्या माणसाचा पाय खाली टेकल्याशिवाय डबल बेल देत नाही, एवढंच सांगण्यासारखं. पण रविवारची ड्युटी लागते आणि चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चुकते, ते मनाला लागतं. कुणी काय करतं?

वसईची
दादा, शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. मुक्काम जिथे असेल तिथल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, वेळ विचारून घ्या, आणि शनिवारीही जमत नसेल तर फादरशी बोला, ड्युटीमुळे चुकली तर ते समजून घेतात. कुठल्या रूटवर असता?