मदत हवी आहे: पुढची काच बदलल्यापासून ऑटो हेडलाइट भर उन्हातही चालू राहतात

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. आमच्या गाडीला ऑटो हेडलाइट आहेत, नॉब ऑटोवर ठेवला की अंधारलं की आपोआप लागतात, उजाडलं की विझतात, आजवर काही तक्रार नव्हती. मध्यंतरी पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, काचेला तडा गेला म्हणून पुढची काच बदलून घेतली आणि तेव्हापासून सगळं बिनसलंय.

भर दुपारी लख्ख ऊन असताना लो बीम चालू असतो. कधी विझतो, परत लागतो, कधी शेवटपर्यंत विझतच नाही. वायपर ऑटोवर असला तर कोरड्या काचेवरच मधूनच एक फेरा मारून येतो, खर्र असा आवाज होतो आणि नव्या काचेची काळजी वाटते. तिसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटतेय. ऑटो हाय बीम आधी समोरची गाडी लांब दिसली तरी लगेच उतरायचा, आता बराच उशीर करतो, समोरचे अपर-डिपर मारून दाखवतात तेव्हा कळतं की आपण त्यांच्या डोळ्यांवर प्रकाश मारतोय. दोन पदरी रस्त्यावर समोरच्याला क्षणभर काही दिसलं नाही तर काय होऊ शकतं ते सांगायला नको.

जिथे काच बसवली तिथे गाडी परत नेली. त्यांनी स्कॅनर लावला, फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) काहीच आला नाही, तरी म्हणे सेन्सर गेलाय, अख्खं युनिट बदलावं लागेल. माझा प्रश्न साधा आहे की काच काढायच्या दिवसापर्यंत जो सेन्सर नीट चालत होता तो काच बदलताना जाईल कसा? आणि गेला असेल तर स्कॅनरला का दिसत नाही?

मी बाहेरून टॉर्च मारून बघितलं. आतल्या आरशामागे काचेवर जो काळा पट्टा असतो, कडेला बारीक बारीक ठिपके असलेला, त्यात सेन्सरसाठी एक मोकळी खिडकी सोडलेली आहे. त्या खिडकीतून सेन्सरची पारदर्शक जेलसारखी चकती दिसते. त्या चकतीत हवेचे बुडबुडे आहेत, एक तर चांगला मुगाएवढा आहे, आणि एका बाजूने चकती काचेला चिकटलेलीच नाही, तिथे चंद्रकोरीसारखी पांढरट कड दिसते. हेच कारण असेल का? असेल तर फक्त चकती बदलून भागेल का?

अजून एक विचारायचंय, हे काच बदलायच्या आधीपासूनचं आहे. गाडी जास्त करून वडील चालवतात आणि ते सगळं ऑटोवर सोडून देतात. दिवसा जोराचा पाऊस किंवा दाट धुकं असलं तर लाइट लागतच नाहीत. पुढचे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे) चालू असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे त्यांना वाटतं लाइट चालू आहेत, पण मागचे दिवे बंद असतात. मी एकदा त्यांच्या मागे दुसऱ्या गाडीत होतो, पावसात त्यांची गाडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसली नाही. तेव्हापासून मनाला घोर लागलाय. यावर सेटिंगमध्ये काही करता येतं का?

वायरमन:
दादा, सेन्सर बदलायची घाई करू नका. आरशामागच्या काळ्या डब्यात एक नाही तीन कामं चालतात आणि तुमच्या तिन्ही तक्रारी तिथल्याच आहेत, म्हणजे काच बसवतानाचं काम नीट झालेलं नाही असं मला वाटतं.

वायपरचं आधी सांगतो. रेन सेन्सर आतून काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन परत सेन्सरमध्ये येतो. थेंब पडला की त्या जागी थोडा प्रकाश बाहेर निसटतो, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि सेन्सरला कळतं पाऊस आला. हे जमायला सेन्सर आणि काच यांच्यात हवा अजिबात नको, म्हणून ती जेलची चकती असते. चकतीत बुडबुडा असला की तिथेही प्रकाश नीट जात येत नाही आणि सेन्सरला तो पाऊसच वाटतो. म्हणून कोरड्या काचेवर वायपर फिरतो. सेन्सर आपल्या परीने बरोबरच काम करतोय, फॉल्ट कोड येणार कुठून?

लाइटचं असं की उजेड मोजणारा फोटोडायोड (छोटा प्रकाश-सेन्सर) बऱ्याच गाड्यांत रेन सेन्सरच्याच युनिटमध्ये असतो. युनिट तिरकं बसलं, त्याची नजर खिडकीऐवजी काळ्या पट्ट्यावर पडली, किंवा काचेवर कुणी स्टिकर लावला तर त्याला कायम संध्याकाळच वाटणार. शिवाय काही गाड्यांत काचेच्या प्रकाराप्रमाणे सेन्सरचं कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) असतं, ऊन अडवणारा थर असलेली काच बसवली आणि कोडिंग जुनंच ठेवलं तर आकडे चुकतात. काचवाल्यांना स्कॅनरवर फॉल्ट कोड नव्हे तर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, बघायला सांगा, उन्हात आणि सावलीत उजेडाचा आकडा किती बदलतो ते तिथे दिसेल.

घरी एक चाचणी करा. आधी वायपर पूर्ण बंद करा, नाहीतर हात काचेवर असताना फिरेल. इग्निशन चालू, लाइट ऑटोवर, गाडी उघड्यावर उन्हात. लाइट विझले की सेन्सरच्या जागी बाहेरून जाड काळं कापड झाका. दोनेक सेकंदात लाइट लागायला पाहिजेत. कापड काढल्यावर मात्र लगेच विझणार नाहीत, घाबरू नका. यूएनच्या ४८ क्रमांकाच्या नियमात असं आहे की उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खाली गेला तर लो बीम २ सेकंदांच्या आत लागला पाहिजे, आणि ७००० लक्सच्या वर गेला की विझायला ५ सेकंदांहून जास्त पण जास्तीत जास्त ३०० सेकंद. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते गाडी बनवणारा ठरवतो. झाडांच्या सावलीतून जाताना लाइट लुकलुकू नयेत म्हणून विझायला मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. पण लख्ख उन्हात ५ मिनिटांनंतरही चालूच असतील तर सेन्सरला ऊन दिसत नाहीये हे नक्की.

जुनी चकती एकदा सुटली की परत नीट चिकटत नाही, नवीच घ्या. बसवताना काच पुसून कोरडी हवी आणि धूळ नको. आणि हे काम ज्यांनी काच बसवली त्यांच्याकडूनच करून घ्या, त्यांची जबाबदारी आहे.

रात्रपाळी:
हाय बीमचं मी सांगतो, माझं रात्रीचंच ड्रायव्हिंग असतं. ऑटो हाय बीम बहुतेक गाड्यांत उजेडाच्या सेन्सरवर नाही, कॅमेऱ्यावर चालतो, समोरचे हेडलाइट आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे तो ओळखतो. काच बदलली म्हणजे कॅमेरा काढून परत बसवला, आणि मग कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत बरोबर जुळवणं, लागतंच. काही गाड्यांत समोर खुणांचा बोर्ड ठेवून करतात, काहींत ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून, काहींत दोन्ही. ते केलं का आणि केल्याचा रिपोर्ट आहे का ते स्पष्ट विचारा. तोच कॅमेरा लेन सांभाळणं आणि आपोआप ब्रेक लावणं यालाही वापरत असेल तर हा विषय फक्त लाइटचा राहत नाही.

तोवर हाय बीम हातानेच वापरा, कृपा करून. आणि कॅलिब्रेशन झाल्यावरही वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि दिवा नसलेल्या सायकलवाल्याच्या किंवा पायी चालणाऱ्याच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका, कॅमेऱ्याला दिवा दिसला तरच तो उतरणार. १९५२ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत डॅशबोर्डवर ऑट्रॉनिक आय नावाचा डोळा याच कामासाठी आला होता, म्हणजे कल्पना जुनी आहे, पण समोरच्याचा दिवा दिसल्याशिवाय त्यालाही काही कळत नव्हतं.

वडिलांबद्दल, धुक्यात ऑटोचा उपयोग नाही हे त्यांना नीट समजावून सांगा. सेन्सर उजेड मोजतो, किती लांबचं दिसतंय ते मोजत नाही. दिवसाचं धुकं पांढरं आणि उजळ असतं, त्याच्या लेखी छान दिवस आहे. डॅशबोर्डवर लो बीमची हिरवी खूण दिसत नसेल तर लाइट बंद आहेत, एवढी एकच गोष्ट बघायला सांगा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. कापडाची चाचणी केली, त्यासाठी लाइट विझायची वाट बघत बसलो पण उन्हात ते विझलेच नाहीत, म्हणजे वायरमन म्हणतात तसंच आहे. काचवाल्यांना फोटो दाखवला, बुडबुडे बघून ते नवी चकती त्यांच्या खर्चाने बसवायला तयार झाले. कॅलिब्रेशनचा रिपोर्ट मागितला तेव्हा मात्र गप्प झाले, कॅलिब्रेशन केलेलंच नाही. आता ते करून दिल्याशिवाय गाडी ताब्यात घेणार नाही असं सांगून आलोय.

हिरव्या खुणेचं वडिलांना दाखवलं, त्यांना पटलं. मेनूमध्ये शोधताना वायपर चालू झाला की लाइट लागावेत असा एक पर्याय सापडला, तो चालू केलाय. पण वायपर काही वेळ सलग चालला तरच लाइट लागतात, रिमझिम असली आणि वायपर थांबून थांबून फिरत असला की लागत नाहीत. हा वेळ कोडिंगमधून कमी करता येतो का? कुणी केलं असेल तर सांगा, चकती बसवायला गाडी जाईल तेव्हा तेही करून घेतो.