मदत हवी आहे : टीव्ही, व्हीसीआर आणि डीव्हीडी एकत्र असलेल्या संचाची दुरुस्ती

माझ्याकडे पिक्चर ट्यूबचा एक जुना टीव्ही आहे, ज्यात व्हीएचएस कॅसेटचा कप्पा आणि डीव्हीडीचा ट्रे अंगभूत आहेत. टीव्हीचे चित्र आजही उत्तम येते. मात्र कॅसेट लावल्यावर फीत ड्रमभोवती (फितीवरील चित्र वाचणाऱ्या फिरत्या दंडगोलाभोवती) गुंडाळली जाते, काही क्षण चित्र दिसते आणि मग यंत्रणा थांबून कॅसेट बाहेर ढकलली जाते. त्या वेळी उजवीकडचे रीळ अडखळत फिरते आणि बाहेर आलेल्या कॅसेटमधून फितीचा छोटा वेढा लोंबत असतो.

रीळ फिरत असल्याचा संकेत सेन्सरकडून मिळाला नाही, तर फीत तुटू नये म्हणून डेक (कॅसेट चालवणारी यंत्रणा) स्वतःहून थांबतो, त्यामुळे माझा पहिला संशय आयडलरवर (रिळांना फिरवणाऱ्या छोट्या चाकावर) किंवा सैल पडलेल्या रबरी बेल्टवर आहे. मोड स्विचचे (यंत्रणा कोणत्या स्थितीत आहे हे कळवणाऱ्या स्विचचे) संपर्कबिंदू काळे पडल्यानेही यंत्रणा अशीच मध्येच थांबू शकते. तेव्हा आधी काय तपासावे?

डीव्हीडी फिरते, पण वाचली जात नाही. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झाली आहे. लेझर क्षीण झाला आहे की पॉवर सप्लायमधील कपॅसिटर उतरल्याने ५ व्होल्टची लाइन खाली येते आहे, हे मल्टीमीटरने कसे ओळखावे?

संच बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकावर) हजारो व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो, म्हणून डेक सोडवण्यापूर्वी तो सुरक्षितपणे कसा उतरवावा, हेही अनुभवी व्यक्तींनी कृपया सविस्तर सांगावे. वेगळा प्लेअर जोडण्याचा पर्याय मला ठाऊक आहे, परंतु हा संच अखंड आणि चालता ठेवण्याची माझी मनापासून इच्छा आहे.