स्कॅनर म्हणजे नक्की काय?

परवा मंडईत माझ्या पुढच्या माणसानं भाजीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, स्कॅनर कुठंय?" मावशींनी तराजूच्या आकड्याला सुतळीनं बांधलेलं कार्ड फिरवून त्याच्यापुढं धरलं, त्यानं मोबाईल काढला, टुंग वाजलं, मेथीची जुडी पिशवीत टाकून तो गेला पण. कुणाला काही खटकलं नाही. माझ्या मात्र घरी येईपर्यंत तेच डोक्यात, की अरे स्कॅनर तर त्या माणसाच्या हातात होता ना? स्कॅन करतो मोबाईलचा कॅमेरा, मावशींकडं होता तो नुसता क्यूआर कोड. मग त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाला आपण स्कॅनर कधीपासून म्हणायला लागलो? मी स्वतः म्हणते हां, किराणा दुकानात गेल्यावर तोंडात तोच शब्द येतो.

मला आठवतंय तसं स्कॅनर म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं झाकणवालं मशीन. मार्कशीट उपडी ठेवायची, झाकण लावायचं, आतून हिरवट उजेड सरकत जायचा. 2016 मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि मग हे चौकोन टपरीटपरीवर चिकटले, म्हणजे शब्दाचा हा अर्थ फार तर तेवढाच जुना. हिंदीतही लोक असंच बोलताना ऐकलंय. तर प्रश्न असा, की ही चूक म्हणायची का नवा अर्थ? आणि शब्दकोशात घालायचं झालं तर कसं घालाल?

—

ताई, चूकच आहे ही, आणि मी ती सोडून द्यायला तयार नाही. प्रिंटर छापतो, कुकर शिजवतो, मिक्सर वाटतो. जो करतो त्याला ते नाव. जे स्कॅन होतं त्याला स्कॅनर म्हणणं म्हणजे डाळीला कुकर म्हणण्यासारखं झालं. सरळ कोड म्हणावं, दोन अक्षरी शब्द आहे, कुणालाही जमतो.

एवढं मनाला लावून का घेतोय ते सांगतो. गेल्या वर्षी आईला घरातलं जुनं लाकडी कपाट विकायचं होतं, तिनं फोटो टाकले, एकाचा फोन आला, फार गोड बोलला, भाव पण केला नाही. म्हणाला, काकू मी तुम्हाला स्कॅनर पाठवतो, तेवढा स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. आईनं केला, पिन मागितला तो टाकला, आणि आठ हजार खात्यातून गेले. नंतर मी विचारलं की तू पिन का टाकलास, तर ती म्हणाली, "अरे स्कॅनर त्यानं पाठवला ना, मग पैसे त्याच्याकडूनच यायचे." तिच्या डोक्यात स्कॅनर म्हणजे पैसे काढून देणारं काहीतरी मशीन, ज्यानं पाठवलं तो देणार. त्याला तिनं कोड म्हटलं असतं, हा त्याच्या खात्याचा पत्ता आहे एवढं तिला माहीत असतं, तर ती निदान थांबली असती असं मला अजून वाटतं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगतोय, इथंही सांगतो.

—

तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण शब्दापुरतं बोलायचं तर मी "नवा अर्थ" म्हणणाऱ्यांच्या बाजूनं. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दहावीच्या पोरांना शब्दशक्ती शिकवताना फळ्यावर लिहायचे, "बाबा ताटावर बसले", "आम्ही ज्वारी खातो", "घरावरून हत्ती गेला". ताटावर कुणी बसत नाही, ज्वारीचे दाणे कुणी चघळत नाही. मूळ अर्थ घेतला तर वाक्य अडतं, म्हणून आपण त्याच्याशी लागून असलेला दुसरा अर्थ घेतो. हीच लक्षणा. ती व्हायला मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचं त्याच्याशी काही नातं पाहिजे, आणि मागे रूढी तरी हवी नाहीतर खास प्रयोजन तरी. आता "मावशी, स्कॅनर कुठंय" घ्या. मावशींकडं कॅमेरा नाही, अर्थ अडला. स्कॅन करण्याच्या कामाशी त्या कार्डाचं नातं आहेच. आणि रूढी तर गल्लोगल्ली दिसते. तिन्ही बसतात.

रूढीचं जुनं उदाहरण म्हणजे कुशल. मुळात कुश नावाचं गवत हात न कापता खुडून आणणारा तो कुशल. आज सर्जनला कुशल म्हणताना कुणाला गवत आठवत नाही. आणि इतकं लांब कशाला जायचं, लाईट घ्या! लाईट म्हणजे उजेड. पण आपल्याकडं लाईट जाते, लाईट येते, लाईटचं बिल येतं, "लाईट नव्हती म्हणून पाणी चढलं नाही" असं भर दुपारी बारा वाजता म्हणतो. वीज हा अर्थ त्या शब्दाला आपण दिला, वर त्याला स्त्रीलिंगी पण केलं, कारण वीज स्त्रीलिंगी. ही चूक म्हणून कुणी सुधारायला गेलं नाही. चार्जिंगचं तेच. "माझं चार्जिंग संपलं" म्हणजे चार्ज करणं संपलं नव्हे, बॅटरीतलं जे भरलं होतं ते संपलं. मिस कॉल तर आपण चक्क देतो, हाक द्यावी तसा. ज्या अर्थी माणसं अडखळत नाहीत त्या अर्थी शब्द पक्का झालाय.

—

मी जपानमध्ये नागोयाजवळ राहतो, पुण्यातल्या गाड्यांच्या कंपनीतून इकडं आलोय, त्यामुळं या चर्चेत बोलावंसं वाटलं, कारण हा चौकोन मूळचा इथला, याच आईची (Aichi) नावाच्या प्रांतातला. 1994 साली डेन्सो कंपनीत (आताच्या डेन्सो वेव्हमध्ये) तो काढला, मासाहिरो हारा नावाच्या इंजिनियरनं. गाड्यांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून जायचे त्या एकेका खोक्यावर अनेक बारकोड असायचे, कामगार दिवसभर पिस्तूल धरल्यासारखं ते मशीन धरून एकेक वाचत बसायचे, वैताग. बारकोडमध्ये माहिती आडवीच बसते, वीसेक अक्षरं. यांनी ती आडवी-उभी दोन्हीकडं बसवली आणि एका चौकोनात 7089 आकडे मावायला लागले. गो नावाच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांच्या खेळावरून हाराला हे सुचलं असं सांगतात. कंपनीनं पेटंट असूनही वापरणाऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत, म्हणून तर तो मेथीच्या गाड्यापर्यंत पोचला.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन बघितलेत? मधून कुठूनही रेघ मारली तरी काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा यांची रुंदी 1:1:3:1:1 येते. छापील कागदांवर सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधून ते घेतलंय, म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कशाला फसत नाही आणि कार्ड उलटं धरलं तरी चालतं. आणि मोठा चौकोन नसलेला चौथा कोपरा फाटला, हळद सांडली, पावसाचं पाणी प्लॅस्टिकमध्ये शिरलं तरी तो वाचता येतो, कारण तीच माहिती भरून काढायची सोय आत असते, जास्तीत जास्त 30 टक्के भाग खराब झालेला चालतो. कारखान्यातल्या ग्रीसच्या हातांसाठी केलेली सोय आहे ही.

शब्दाचं म्हणाल तर इकडं बऱ्याच दुकानांत उलटं असतं. आपण मोबाईलवर आपला कोड उघडून दाखवायचा आणि काउंटरवरची बाई हातातल्या मशीननं तो वाचते. म्हणजे इथं दुकानदाराकडं खरंच स्कॅनर असतो! मला वाटतं आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ इथं असेल. मॉलमध्ये वर्षानुवर्षं दुकानदाराच्या हातात वाचणारं मशीन बघितलं, पैसे घेणाऱ्याकडची वस्तू म्हणजे स्कॅनर असं डोक्यात बसलं, मग वस्तू बदलली तरी नाव त्याच जागी राहिलं. हा माझा अंदाज आहे फक्त.

—

अंदाज पटण्यासारखा आहे. आणि मॅडम, लक्षणेचं मान्य, शाळेत हत्तीचं उदाहरण मीही पाठ केलं होतं. पण लाईट शब्दानं कुणाचे पैसे गेले नाहीत. माझा मुद्दा तेवढाच, की हा शब्द देणारा कोण आणि घेणारा कोण ते लपवतो.

पण एक गोष्ट कालपासून लक्षात यायला लागलीय. शब्द लपवतो ते आपली क्रियापदं उघडं करतात. "मला जीपे कर", "तुला पाठवले बघ", "माझ्या नंबरवर टाक", "आले का?", "बोललं नाही अजून तुमचं मशीन". मला, तुला, माझ्या नंबरवर, पैसे कुठून कुठं चाललेत ते दर वाक्यात आहे. त्या भामट्याच्या वाक्यात ते नव्हतं, "स्कॅन करा म्हणजे जमा होतील", कुणाच्या खात्यात जमा होतील ते तो बोललाच नाही. आईला आता मी स्कॅनर म्हणू नको असं सांगायचं सोडलंय, ऐकत पण नाही ती. एवढंच सांगितलंय की ज्याचा स्कॅनर, त्याला पैसे. हे तिला लगेच कळलं, पेटंट आणि पिनपेक्षा लवकर.

तेव्हा नोंद करायची तर मी अशी करीन. स्कॅनर, पुल्लिंगी नाम, अनेकवचनही स्कॅनरच. 1. कागद किंवा कोड वाचणारं यंत्र. 2. बोलीत, पैसे घेण्यासाठी लावलेला क्यूआर कोड, त्याचं कार्ड किंवा स्टिकर. दुसऱ्या अर्थापुढं "बोलीत" पाहिजेच, त्यावर मी अडून आहे.

—

सगळ्यांचे आभार, एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. "ज्याचा स्कॅनर, त्याला पैसे" हे वाचून आज मुद्दाम मंडईत त्याच मावशींकडं गेले. कार्ड जवळून बघितलं. खालचा एक कोपरा चिखलानं पार गेलाय, कडेनं प्लॅस्टिक सुटलंय, सुतळी नवी बांधलेली. तरी पहिल्या फटक्यात वाचला मोबाईलनं, नागोयाच्या दादांनी सांगितलं तसंच. वीस रुपये टाकले, स्क्रीनवर कुठल्यातरी पुरुषाचं नाव आलं. मी विचारलं, मावशी हे काय म्हणायचं तुम्ही, स्कॅनर का कोड? त्या म्हणाल्या, "स्कॅनर. पर माझा न्हाई ह्यो, पोराचा हाय. माझा अजून निघाला न्हाई."

म्हणजे बघा, स्कॅनर निघतो. खातं निघतं, पासबुक निघतं, रेशन कार्ड निघतं, तसा. त्यांच्या बोलण्यात स्कॅनर हे यंत्रही नाही आणि ते चिकटवलेलं कार्डही नाही, स्वतःच्या नावावर पैसे यायची सोय म्हणजे स्कॅनर. कार्ड त्यांच्या तराजूला, भाजी त्यांची, पहाटे चारला उठून मार्केट यार्डात त्या जातात, आणि स्कॅनर पोराचा. दादा, तुमच्या नोंदीत तिसरा अर्थ घालावा लागेल. उद्या बँकेत जाणार आहेत म्हणाल्या, आधार आणि दोन फोटो घेऊन. मी सोबत जातेय.