नडगीत रॉड टाकलाय, पाय आत्ताच टेकवायचा का?

माणदेशी: धाकटा भाऊ, वय 34. गाडी घसरून नडगी मधोमध मोडली, बाहेर जखम नव्हती. मागच्या आठवड्यात रॉड टाकला, वर-खाली स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणतात वॉकर घेऊन पाय टेकव. आई त्याला खाटेवरून उतरू देत नाही, म्हणते हाड जुळल्याशिवाय भार कसा टाकायचा? शिवाय मोड खाली आणि दुखतोय गुडघा! काही बिघडलंय का?

फिजिओताई: दादा, असे पेशंट मी रोज चालवते. रॉड हाडाच्या पोकळीतून गुडघ्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत जातो. स्क्रूंमुळे हाड फिरत नाही, आखूड होत नाही. भार रॉड आणि हाड दोघं मिळून पेलतात, आणि बेताचा भार पडला की हाड भरूनही येतं. म्हणून मधोमधच्या साध्या मोडीला डॉक्टर लवकर उभं करतात. किती भार टाकायचा ते मात्र एक्स-रे पाहणाऱ्या तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

गुडघ्याचं म्हणाल तर रॉड तिथूनच आत घालतात, वाटीजवळ टाके दिसत असतील बघा. ते दुखणं पुष्कळांना होतं. गुडघ्याखाली उशी अजिबात देऊ नका, गुडघा वाकलेलाच राहतो. द्यायचीच तर टाचेखाली द्या. घोटा दिवसभर वर-खाली हलवायला लावा. बिडी-तंबाखू असेल तर आजच बंद, हाड जुळायला फार उशीर होतो त्याने. पोटरी सुजून ताठ झाली, धाप लागली किंवा टाक्यातून पू आला, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

बांधावरचा: माझंही असंच झालं होतं. हाड भरेना म्हणून डॉक्टरांनी नंतर एका बाजूचे स्क्रू काढले, मग भरलं. आता ऊस तोडतो, पण गुडघे टेकून खुरपायला बसलो की आजही कळ येते. आईंना सांगा, ही पद्धत काल-परवाची नाही. जर्मनीच्या क्युन्चर नावाच्या सर्जनने 1940 सालीच मांडली, तीही मांडीच्या हाडासाठी.

माणदेशी: ताई, आईला वाचून दाखवलं. आज दारापर्यंत चालला. रॉड पुढे काढावाच लागतो का?

फिजिओताई: नाही. त्रास नसेल तर जन्मभर राहू दे. गुडघ्यात टोचत असेल तर हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने काढतात. पण काढला की दुखणं जाईलच असं नाही, हे आधीच विचारून घ्या.