मदत हवी आहे: रिसायकल पाण्याचा दर परत वाढवलाय

मंडळी, रत्नागिरीजवळ आमची छोटी नर्सरी आहे, मेनली हापूसची कलमं. पाऊस ३००० मिमीच्या वर पडतो पण जांभ्यात पाणी थांबतं कुठे, मार्च लागला की विहीर तळ दाखवते, म्हणून शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) प्रक्रिया केलेलं पाणी वेगळा मीटर लावून घ्यायला लागलो. तेव्हा हजार लिटरला १२ रुपये होते, मग १८ झाले, आता नोटीस आलीय की पुढच्या महिन्यापासून २७!

विचारलं तर म्हणे लाइट बिल वाढलं. ते खरंही असेल, टाकीत हवा सोडणारे ब्लोअर दिवसरात्र चालवावेच लागतात नाहीतर घाण खाणारे बॅक्टेरिया मरतात. पण मग पाणी तरी नीट द्या ना. काल ड्रिपर उघडला तर आत काळपट बुळबुळीत गाळ, बोटाला चिकटून येत होता, आणि नवीन कलमांच्या पानांची टोकं करपलीत. खाडी जवळ आहे, क्षार वाढले असतील का?

कोणी असं पाणी कलमांना वापरतंय का, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती चालतो? टेस्ट कुठे करून घेता? आणि दरवाढीचा हिशोब लेखी मागता येतो का? जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरवतं एवढं माहितीय, पण खाजगी प्लांटला ते लागू होतं की अर्ज दुसरीकडे करायचा? उत्तर द्यायला आठच दिवस आहेत आणि साडेचारशे कलमं उभी आहेत, प्लीज माहिती असेल त्यांनी सांगा.